डब्याला पिशवी लावण्याआधी तीन प्रश्न



आज आपण बोलणार आहोत ओल्या कचऱ्याच्या डब्यात आतून लावायच्या पिशवीबद्दल. "पिशवीबद्दल काय बोलायचं?" असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. आम्हीही तसंच म्हणायचो. पण याच पिशवीपायी आमच्या गटाचं खत परत आलं, पैसे अडकले आणि दोन महिने बैठकीत कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. म्हणून आधी काय झालं ते सांगतो. मग कुठली पिशवी घ्यायची, कुठली नाही आणि कुठे पिशवीच नको, ते पाहू.

आमचा गट गांडूळखत करतो. पूर्वी आमच्या गावात घरोघरी गुरं होती. खरकटं, भाजीची देठं, सालं सगळं गोठ्यात जायचं, उरलेलं उकिरड्यावर. आता निम्म्या घरांत गुरं नाहीत. ओला कचरा गटारीत नाहीतर रस्त्याकडेला पडायला लागला. तेव्हा गटानं ठरवलं, चाळीस घरांचा ओला कचरा आपण रोज गोळा करू, त्याचं खत करू आणि विकू. तालुक्याच्या एका रोपवाटिकेनं खत घ्यायचं कबूल केलं. काम सुरू झालं.

अडचण एकच होती. बायका डब्यात किराणा दुकानाची पातळ पिशवी लावायच्या आणि गाठ मारून तीच पिशवी आमच्या हातात द्यायच्या. आम्हाला रोज चाळीस गाठी सोडाव्या लागायच्या, पिशव्या वेगळ्या धुवाव्या लागायच्या. हात घाण, वास वेगळा.

अशात तालुक्याच्या प्रदर्शनात एक विक्रेता भेटला. त्याच्याकडे हिरव्या रंगाच्या पिशव्यांच्या गुंडाळ्या होत्या. वर पानाचं चित्र आणि 'बायोडिग्रेडेबल' असं लिहिलेलं. तो म्हणाला, "ताई, गाठ सोडायचीच नाही. पिशवीसकट खड्ड्यात टाका. मातीत मिसळून जाते."

आमच्या गटातल्या आक्का सगळ्यांत वयस्कर. शाळा दुसरीपर्यंत. त्यांनी पिशवी बोटांत चोळली आणि विचारलं, "मिसळती म्हणतोस बाळा, पण किती दिवसांत मिसळती?"

तो म्हणाला, "जाते हो आजी, हळूहळू जाते."

आक्कांनी पुन्हा विचारलं, "हळूहळू म्हंजे किती?"

आम्ही सगळ्या हसलो. आक्कांना वाटलं आपलं चुकलं, त्या गप्प बसल्या. पुढच्या बैठकीत ठराव झाला, सगळ्यांनी हात वर केले आणि गटाच्या निधीतून पिशव्या आल्या. घरटी रोज एक म्हटली तर चाळीस घरांना महिन्याला बाराशे पिशव्या लागतात. आम्ही तीन महिन्यांच्या एकदम घेतल्या, कारण एकदम घेतल्या की स्वस्त पडतात असं त्यानं सांगितलं होतं.

पिशवीसकट कचरा खड्ड्यात जायला लागला. सुरुवातीला सगळ्या खूश. तीन महिन्यांनी खत काढलं. वरून काळंभोर, भुसभुशीत दिसत होतं. पोती भरली, रोपवाटिकेत पोचवली. चौथ्या दिवशी तिथल्या मालकांचा फोन आला. "ताई, खत घेऊन जा. कुंडीत माती भरली की हिरवे तुकडे वर येतायत. गिऱ्हाईक म्हणतंय, खत देताय का प्लास्टिक?"

बारा पोती परत आली. ती आम्ही समाजमंदिरासमोर ताडपत्रीवर ओतली आणि तुकडे वेचत बसलो. नखाएवढे, बोटाएवढे हिरवे तुकडे. काही तर चिमटीत धरताच आणखी चुरत होते आणि खतात परत पडत होते. दोन दिवस गेले, दोन दिवसांची मजुरी बुडाली. आणि तिथे बसल्या बसल्या "कुणी घ्यायला सांगितल्या होत्या?" हा विषय निघाला. ठरावाला हात सगळ्यांनी वर केला होता, पण तेव्हा कुणालाच ते आठवत नव्हतं. आक्का मात्र काही बोलल्या नाहीत. खाली मान घालून वेचत होत्या.

त्यानंतर आम्ही माहिती काढली. ती आधीच काढायला हवी होती, ही आमची चूक. काय कळलं ते आता सांगतो.

पहिली गोष्ट शब्दांची. 'बायोडिग्रेडेबल' आणि 'कम्पोस्टेबल' हे दोन शब्द सारखे वाटतात, पण सारखे नाहीत. बायोडिग्रेडेबल म्हणजे जिवाणूंमुळे कधीतरी विघटन होणारं. किती दिवसांत, कुठे, हे त्या शब्दात येत नाही. कम्पोस्टेबल म्हणजे ठरलेल्या मुदतीत, खताच्या ढिगात कुजून जाणारं आणि मागे विषारी काही न ठेवणारं. बाजारात आणखी एक जात मिळते, तिला ऑक्सो-डिग्रेडेबल म्हणतात. ते साधंच प्लास्टिक असतं. त्यात असं काही मिसळतात, की ऊन आणि उष्णता लागली की त्याचे तुकडे पडतात. तुकडे पडले म्हणजे कुजलं असं नाही. एका मोठ्या प्लास्टिकची हजार बारीक प्लास्टिकं होतात, एवढंच. आमच्या ताडपत्रीवर जे चुरत होतं, ते यातलंच काहीतरी असणार.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या देशात २०१६ चे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम आहेत. त्यांच्या २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या कॅरीबॅगना परवानगी नाही. कम्पोस्टेबल पिशवीला मात्र ही जाडीची अट नाही. म्हणून पातळ पिशवीवर पानाचं चित्र छापून ती खपवणं काहींना सोयीचं जातं. पण त्याच नियमात दुसरी अटही आहे. खरी कम्पोस्टेबल पिशवी आयएस १७०८८ या मानकाप्रमाणे असावी लागते आणि ती विकण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक पिशवीवर छापलेला असावा लागतो. प्रमाणपत्र मिळालेल्यांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर असते. घरात कुणी कॉलेजात जाणारं असेल तर त्याला बघायला सांगा.

आमच्या हिरव्या पिशवीवर काय होतं? पानाचं चित्र. ना मानकाचा क्रमांक, ना प्रमाणपत्राचा, ना बनवणाऱ्याचं नाव.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती विक्रेता सांगत नाही. प्रमाणपत्र असलेली, अगदी खरी कम्पोस्टेबल पिशवीसुद्धा तुमच्या खड्ड्यात कुजेलच असं नाही.

ते कसं? या मानकाची कसोटी अशी आहे. बारा आठवडे खतात ठेवल्यावर ते २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचं. चाळणीवर पिशवीचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी राहिला, तर पिशवी पास. शिवाय सहा महिन्यांत तिच्यातला ९० टक्के कार्बन जिवाणूंनी खाऊन संपवला पाहिजे. कसोटी चांगली कडक आहे. पण ती घेतात प्रयोगशाळेत, सुमारे ५८ अंश सेल्सिअसला. म्हणजे ज्या ढिगात हात घातला तर चटका बसेल, तशा गरम ढिगात. शहरांतल्या मोठ्या खत प्रकल्पांत एवढी उष्णता होते. पण गांडूळखताच्या वाफ्यात? गांडुळांना २० ते ३० अंशांच्या आसपास बरं वाटतं. त्याच्या फार वर गेलं की ती मरतात. म्हणून तर आपण वाफ्यावर सावली करतो, गोणपाट ओलं ठेवतो. मग विचार करा, ज्या वाफ्यात गांडूळ जगतं, तिथे ५८ अंशांची पिशवी लवकर कशी कुजेल?

हे आम्ही करूनही पाहिलं. आमच्या एक वहिनी पुण्याला असतात, त्यांनी प्रमाणपत्रवाली पिशवी आणून दिली. ती मधोमध कापली. कांद्याच्या जाळीच्या दोन पिशव्या घेतल्या, एकेकीत अर्धा तुकडा आणि चार आंब्याची पानं घातली. एक जाळी गांडुळांच्या वाफ्यात पुरली. दुसरी शेण, पाला आणि ओला कचरा थरावर थर घालून रचलेल्या तीन फुटी ढिगाच्या मधोमध ठेवली. अडीच महिन्यांनी दोन्ही काढल्या. ढिगातल्या जाळीत पिशवीच्या जागी थोडा चुरा होता. वाफ्यातली पिशवी मळकी झाली होती, दोन ठिकाणी भोकं पडली होती, पण तिच्यावरचं छापील अक्षर अजून वाचता येत होतं. आक्कांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "मी विचारलं होतं."

त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या त्यांच्यासमोर गप्प झालो. मग अध्यक्षताई म्हणाल्या, "आक्का, आमचं चुकलं. तुमचा प्रश्न बरोबर होता." तेवढं बोलल्यावर बैठक पुन्हा पहिल्यासारखी सुरू झाली. आक्कांच्या त्या एका प्रश्नाचे आम्ही तीन प्रश्न केले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. ते असे.

पहिला प्रश्न: हा कचरा शेवटी कुठे जाणार आहे?
दुसरा प्रश्न: तिथे ही पिशवी किती दिवसांत कुजेल?
तिसरा प्रश्न: पिशवीवर मानकाचा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का?

लक्षात घ्या, आधी कचरा कुठे जातो ते ठरवायचं, पिशवी नंतर. तुमचं घर यातल्या कुठल्या प्रकारात बसतं ते पाहा.

तुमचा ओला कचरा घरच्याच खड्ड्यात, गांडुळांच्या वाफ्यात किंवा परसातल्या आळ्यात जात असेल, तर विकतची पिशवी घेऊ नका. कुठलीच नको. झाकणाची बादली घ्या. तळाला दोन मुठी वाळका पाला, भुसा किंवा उसाचं पाचट बारीक करून टाका. तो ओल शोषतो, डबा चिकटत नाही. खरकटं टाकण्याआधी त्यातलं पाणी गाळून घ्या. प्रत्येक वेळी वरून पुन्हा मूठभर पाला टाका, म्हणजे वास येत नाही आणि चिलटं बसत नाहीत. डबा रोज रिकामा करायचा, विसळायचा आणि विसळलेलं पाणी केळीला किंवा अळूला घालायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

डबा धुवायला पाणी कमी असेल, किंवा बायकांना ते नकोसं वाटत असेल, तर जुन्या वर्तमानपत्राचं अस्तर करा. दोन जोडपानं एकावर एक घ्या, डब्यात दाबून बसवा, कडा बाहेर दुमडा. आम्ही आता बैठकीत बोलता बोलता कागदाचे खोके घडवतो, दहा मिनिटांत महिन्याचे होतात. कागद कचऱ्यासकट खड्ड्यात टाकायचा, तो गांडुळांना चालतो. फक्त चकचकीत रंगीत मासिकाचा कागद घेऊ नका. केळीचं पान, पळसाची पानं, हळदीची पानं हीसुद्धा चांगली अस्तरं आहेत. परड्यात असतील तर पैसा लागत नाही.

काही वस्तू कागदासारख्या दिसतात पण कागद नसतात. चहाचे कागदी कप आतून प्लास्टिकचे असतात. चंदेरी किंवा चकचकीत पत्रावळीवर प्लास्टिकचा थर असतो. लग्नाच्या जेवणानंतर हे ढीगच्या ढीग येतं. ओल्या डब्यात ते टाकू नका. पळसाच्या पानांची, काड्यांनी टोचलेली पत्रावळ असेल तर खुशाल टाका.

तुमचा कचरा घंटागाडीत जात असेल, म्हणजे तुम्ही तालुक्याच्या गावात राहत असाल किंवा तुमच्या लेकी-सुना शहरात असतील, तर आधी गाडीवाल्या दादांना किंवा ताईंना विचारा, "तुम्ही ओला कचरा पिशवीसकट घेता का, आणि तो पुढे कुठे जातो?" बऱ्याच ठिकाणी सगळ्याच पिशव्या हातानं फाडून बाजूला काढतात, कारण कुठली खरी आणि कुठली खोटी हे घाईत ओळखू येत नाही. तिथे महागाची पिशवी घेऊनही उपयोग नाही. बंगळुरूसारख्या मोठ्या शहरातही उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशानंतर 'दोन डबे, एक पिशवी' ही पद्धत आली. त्यात ओला कचरा पिशवीविना, नुसत्या डब्यात द्यायचा असतो. शहरात जमतं ते आपल्याला न जमायला काय झालं?

गाडीवाले म्हणाले की कम्पोस्टेबल पिशवी चालते आणि कचरा मोठ्या खत प्रकल्पात जातो, तरच ती घ्या. घेताना आयएस १७०८८ आणि प्रमाणपत्राचा क्रमांक बघा. या पिशव्या फार टिकत नाहीत. ऊन आणि दमट हवा लागली की ठेवल्या जागी विरतात, म्हणून आमच्यासारख्या तीन महिन्यांच्या एकदम घेऊ नका. थंड, कोरड्या जागी ठेवा. त्यात गरम भात, गरम आमटी ओतू नका. आणि दोन दिवसांच्या वर भरलेली पिशवी ठेवू नका, तळातून गळते.

कुठलीही पिशवी असो, खरकटं भरून गाठ मारून रस्त्यावर टाकू नका. गाई, म्हशी वासानं येतात आणि पिशवीसकट गिळतात. पिशवी कुजणारी आहे म्हणून ती चारा होत नाही. आणि सॅनिटरी पॅड, डायपर ओल्या डब्यात कधीच नकोत. ते कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यायचे, म्हणजे कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला उघडे लागत नाहीत.

आता पैशाचं. गटातल्या बायका विचारतात, "विकत घेतली की काम सोपं होतं, थोडे पैसे गेले तर काय?" आम्ही हिशेब मांडला. पिशव्यांचा खर्च, परत आलेलं खत, बुडालेली मजुरी आणि टेम्पोचं दोन वेळचं भाडं. चाळीस घरांच्या कचऱ्यातून तीन महिन्यांत जे मिळणार होतं, त्यातलं फारसं हातात उरलं नाही. आणि गिऱ्हाइकाचा विश्वास गेला त्याचा हिशेब वहीत मांडता येत नाही. उरलेल्या हिरव्या पिशव्या अजून आमच्या कपाटात आहेत. त्या कुणाला विकायच्या नाहीत, असा ठराव केलाय. आमचा तोटा दुसऱ्या गटाच्या गळ्यात घालायचा नाही.

आता आम्ही घरोघरी नुसते डबे देतो. ज्यांना हवं त्यांना कागदाचं अस्तर. कचरा गोळा करताना बादलीत उलटा करून डबा तिथेच परत. गाठी सोडायचं काम गेलं. खत काढल्यावर चाळणी लावतो, मगच पोती भरतो. रोपवाटिकेचे मालक पुन्हा खत घेतात, पण अजूनही ते प्रत्येक पोतं उघडतात, हात घालून मूठभर खत काढतात आणि उजेडात धरून बघतात. पहिल्यांदा आम्हाला त्याचा राग यायचा. आता येत नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर हेच केलं असतं.

शेवटी, मैत्रिणींनो, एक काम देतो. तुमच्या घरात कुजणारी म्हणून घेतलेली एखादी पिशवी असेल, तर ती आज हातात घ्या आणि तिच्यावर काय छापलंय ते वाचा. नंतर तिचा वीतभर तुकडा कांद्याच्या जाळीत घाला, सोबत चार आंब्याची पानं घाला आणि आपल्याच खड्ड्यात पुरा. वर काठी रोवा, तारीख वहीत लिहा. तीन महिन्यांनी गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर जाळी उघडा. पानं कुजली आणि पिशवी तशीच असेल, तर ती पिशवी तुमच्या खड्ड्यासाठी नाही, तिच्यावर काहीही लिहिलेलं असो.

आणि बैठकीत एखादी आक्का, एखादी आजी, एखादी नवीन सून प्रश्न विचारत असेल, तर हसू नका. आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर घ्या, ठराव त्यानंतर करा.

नमस्कार.